बरणीतला लाल चिखल

बायको : ह्याला सॉस म्हणायचं? बरणी उलटी केली तरी जागचा हलत नाही. तळाशी कसा गोळा होऊन बसलाय, बघा.

नवरा : कागदावर तर लिहिलंय, 'घरच्यासारखी चव'.

बायको : कुणाच्या घरच्यासारखी? माणसांच्या की उंदरांच्या?

नवरा : तेवढा खुलासा केलेला नाही.

बायको : चोवीस वर्षं त्या कॅन्टीनमध्ये टोमॅटो उकळून पास्त्याचा सॉस केला मी. दीड महिना तापानं पडले, तेवढ्यात नव्या मॅनेजरनं या बरण्यांची खोकीच्या खोकी मागवली. उद्या कामावर जाईन तर टोमॅटो नाहीत, हा लाल चिखल. आणि एक वाजता म्हणे हे मॅनेजर साहेब स्वतः ताट वाढून घेणार. 'बघू तर, बाईंच्या हाताला काय चव आहे.'

नवरा : म्हणून तर एक बरणी घरी आणली ना आपण. यात काय घालायचं ते आजच ठरवून टाक.

बायको : ठरवते. उघडा झाकण. आणि वास घ्या.

नवरा : मी?

बायको : नाही, त्या भिंतीला सांगतेय.

नवरा : अगं, पण वास तर तू घेतेस. चमचासुद्धा कधी तोंडाला लावत नाहीस. तुझ्या हाताखालच्या मुली सांगतात, बाई झाकण उचलतात, नाक खाली नेतात आणि म्हणतात, मीठ कमी आहे.

बायको : सांगतात ना? मग आता ऐका, एकदाच सांगणार आहे. ताप गेला तो माझं नाक घेऊन गेला. वास नाही, चव नाही. जेवते ते ओला पुठ्ठा चावल्यासारखं.

नवरा : माहीत आहे मला.

बायको : काय माहीत आहे?

नवरा : तेच. दूध करपलं होतं आणि तू ते माझ्यासमोर कपात ओतलंस, त्या दिवसापासून.

बायको : आणि तुम्ही काय केलंत?

नवरा : प्यायलो.

बायको : प्यायलात. वर काय म्हणालात?

नवरा : छान झालंय, म्हणालो.

बायको : शी. आणि परवाचं भोपळ्याचं सूप?

नवरा : ते खाली लागलं होतं. शिवाय त्यातली साय नासलेली होती.

बायको : नासकी साय? आणि तुम्ही दोन वाट्या घेतल्यात?

नवरा : एकच. दुसरी खिडकीतल्या कुंडीत ओतली. ते झाड जरा मलूल झालंय त्यानंतर.

बायको : आणि मी? मला पिऊ दिलंत?

नवरा : तुझ्या वाटीला माझा धक्का लागला नव्हता का? तो चुकून लागला नव्हता.

बायको : अडतीस वर्षं झाली आपल्या संसाराला. अडतीस वर्षं तुमचं 'छान, छान' ऐकून मी स्वतःला मोठी सुगरण समजत आले. आज कळलं, माझ्यासमोर नासकं खाऊन माणूस छान म्हणतो. या चिखलापेक्षा मला तुमच्या त्या शब्दाची जास्त किळस येतेय.

नवरा : मी खोटं बोलत नव्हतो गं. मला खात्रीच नसते. पदार्थ बिघडलाय की माझीच जीभ बिघडली, ते ठरत नाही. सगळ्यांनी वाखाणलेलं पुस्तक आवडलं नाही तरी मी दुसऱ्यांदा वाचायला घेतो. म्हटलं, आपलंच काही चुकलं असेल.

बायको : आज दुसऱ्यांदा नाही, पहिल्यांदाच सांगायचं. उद्या साहेबांनी ताट बाजूला सारलं तर मला काउंटरवर कूपनं फाडायला बसवतील. चुलीपासून उठवलेली आचारीण म्हणजे काय असते, ते तुम्हाला नाही कळायचं.

नवरा : कळतं. वाचनालयातून निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी दहाला डबा घेऊन दारापर्यंत गेलो होतो.

बायको : ...माहीत आहे मला. मी खिडकीतच होते. चला, नाक घाला बरणीत. छान म्हणायचं नाही, बरं म्हणायचं नाही. तीस वर्षं जुन्या पुस्तकांचे वास घेतलेत, त्यातलंच काही आठवत असेल तर सांगा.

नवरा : खळ.

बायको : काय?

नवरा : पुस्तकाच्या बांधणीला लावायची खळ. ताजी नाही, दोन दिवसांची. गोडूस, थोडी आंबूस.

बायको : थांबा. खळ म्हणजे पीठ. घट्ट दिसावा म्हणून मेल्यांनी पीठ कालवलंय, आणि वर साखर. पुढे?

नवरा : ओल धरलेलं कपाट. तळाचा कप्पा.

बायको : तो सॉसात घातलेला मसाल्याचा सुका पाला. वर्षभर गोदामात पडलेला असणार. अहो, तुम्ही तर कामाचे निघालात. अर्धी बरणी ओता पातेल्यात. वरून लसूण, मिरपूड, त्या डबीतला टोमॅटोचा घट्ट गर दोन चमचे. झाकण लावा आणि मंद आचेवर रटरटू द्या. माझी नेहमीची रीत.

(तो ओट्याजवळ उभा राहतो. झाकण उचलतो, चमचा बुडवतो, फुंकर मारतो, तोंडात घालतो आणि न गिळता खिडकीतल्या कुंडीकडे पाहतो.)

बायको : गिळा आता. बोला.

नवरा : तसा वाईट नाही.

बायको : हे 'छान'चं धाकटं भावंड. नको मला ते.

नवरा : घाण आहे.

बायको : पुन्हा म्हणा.

नवरा : घाण आहे गं. बरणीत होता त्याहून घाण. खळ आणखी घट्ट झालीय, टाळूला चिकटतेय. आणि वर शाई. ओल्या शाईची चव आहे. छापखान्यातून नवा गठ्ठा यायचा, दोरी सोडली की यायचा तसला वास. लोखंडासारखा.

बायको : हसताय काय?

नवरा : मी नाही, तू हसतेयस.

बायको : अडतीस वर्षांत तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तो शब्द. घाण, म्हणे. बरं, चूक माझीच आहे. ताजे टोमॅटो असते तर सगळं एकदम टाकून झाकण लावलेलं चाललं असतं. त्यांना शिजायचं असतं. हा मेलेला सॉस आहे, आधीच शिजलेला. त्याला पुन्हा काय शिजवता? आणि शाई लागतेय तो टोमॅटोचा गर. कच्चा राहिला. अर्धी बरणी उरलीय ना?

नवरा : आहे. हे पातेल्यातलं काय करू?

बायको : फेकून द्या. कुंडीत नको. आता कढई घ्या, तेल घाला. कांदा अगदी बारीक चिरा. आधी वजन करा, आणि तुमची ती वाचनालयातली कोरी कार्डं आहेत ना, त्यावर सगळं लिहीत जा. उद्या माझ्याजवळ नाक नसेल, कार्ड तर असेल.

नवरा : कांदा शंभर ग्रॅम. आच?

बायको : मंद. आता गप्प बसा आणि ऐका.

नवरा : काय?

बायको : कांदा. चुरचुरतोय, म्हणजे अजून पाणी आहे त्यात. आवाज बसू द्या. ...आता बसला. आता लसूण, आणि तो गर. परतत राहा, लाल रंग विटकरी होईपर्यंत.

नवरा : अगं, कुणी विचारलं तर काय सांगणार आहेस? बाई आज झाकण उचलून वास का घेत नाहीत म्हणून.

बायको : झाकण उचलेन. नाकही खाली नेईन.

नवरा : आणि आत काही करपलं असेल तर?

बायको : करपायच्या आधी आवाज कोरडा होतो. तेवढे कान आहेत मला अजून. ...आणि सांगणार आहे मी मुलींना. उद्या एकदा साहेबांचं ताट रिकामं परत येऊ दे, मग सांगते. हरून सांगायचं नाही मला. झाला विटकरी?

नवरा : जुन्या कापडी बांधणीसारखा झालाय.

बायको : मग ओता बरणी. शेजारच्या शेगडीवरचं पास्ता उकडलेलं पाणी घाला त्या बरणीत आणि खळखळून हलवा. काचेला लागलेलं सगळं येऊ दे. आता झाकण नाही लावायचं. जाऊ दे ती ओल उडून. शेवटी थोडं लिंबू, साखर मारायला. आणि गॅस बंद केल्यावर लोण्याचा तुकडा.

नवरा : किती?

बायको : सुपारीएवढा. ग्रॅममध्ये लिहा हो, उद्या मी सुपारी कुठे शोधू? ...घ्या आता चमचा. कुठलं पुस्तक ते सांगा.

नवरा : पुस्तक नाही.

बायको : मग काय?

नवरा : तू कामावरून घरी आलीस की तुझ्या केसांना यायचा तो वास.

बायको : म्हणजे चांगला की वाईट? आता तरी धड बोला.

नवरा : तू कॅन्टीनमध्ये लागलीस तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं मला त्याची शिसारी यायची. मी तोंड फिरवून पुस्तक उघडायचो.

बायको : आणि मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, यांना वाचनाचं भारी वेड.

नवरा : पुढे सवय झाली. मग तो येतोय हेसुद्धा कळेनासं झालं. या दीड महिन्यात घरात तो नव्हता. मी दोनदा कपाटं उघडून पाहिली, काय हरवलंय म्हणून.

(ती कढईवर वाकते आणि नाक खाली नेते.)

नवरा : मीठ कमी आहे.