डाव्या मडगार्डचा कापलेला काठ

मी, गोरक्षनाथ रंगनाथ मंडलिक, वय ४६ वर्षे, धंदा गाड्यांचे डेंटिंग, रा. अकोले, जि. अहिल्यानगर, आज दि. १९/०५/२०२५ रोजी राजूर पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन जबाब देतो की,

मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहतो. राहत्या घराशेजारीच माझे गॅरेज आहे. रविराज, वय २५, हा माझी थोरली बहीण पुष्पावती हिचा मुलगा. त्याचा साखरपुडा दि. १५ रोजी राजूर येथे ठरला होता. त्याआधी त्याने पुण्यात आपल्या कारच्या स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवून घेतली व रुंद टायर टाकले. गाडी दबली की मागील टायर मडगार्डला घासत. म्हणून दि. १४ रोजी सकाळी त्याने गाडी माझ्याकडे आणली.

मडगार्डच्या आत पत्र्याचा दुमडलेला काठ असतो. तो मी ग्राइंडरने कापला. कापल्यावर आतला व बाहेरचा पत्रा वेल्डिंगने जोडून कानस मारावी लागते. उजवी बाजू पूर्ण केली. डावी कापून झाली आणि वीज गेली. सायंकाळपर्यंत आली नाही. काठ पात्यासारखा राहिला. रविराज म्हणाला, "मामा, राहू द्या. साखरपुडा झाल्यावर करू." मी त्याला म्हणालो, "मागं कुनाला बसवू नको. एकटाच चालव." तो हो म्हणाला.

दि. १५ रोजी सकाळी ९ वा. गाडी बहिणीच्या दारात उभी होती. मागे डाव्या बाजूला पुष्पावती, मध्ये तिची जाऊ सविता आणि उजवीकडे माझी मुलगी संस्कृती, वय १९. डिकीत फळांच्या करंड्या. मी वाकून पाहिले. डावा टायर आणि पत्रा यांच्यामध्ये बोट जात नव्हते. बहीण म्हणाली, "आज तरी गाड्या बघू नको रे. चल." सगळे हसले. मीही हसलो. रविराजला एवढेच म्हणालो, "हळू ने."

मी पुरुष मंडळींबरोबर मागून टेम्पोत होतो. पहिल्याच गतिरोधकाला पत्रा घासल्याचा आवाज मला टेम्पोत ऐकू आला. पुढे जळक्या रबराचा वास येऊ लागला. ९.३५ वा. मी संस्कृतीला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, मागून कायतरी घासतंय. दादा म्हणतो, काही न्हाई." मी म्हणालो, "त्याला म्हन, गाडी आत्ताच्या आत्ता थांबव." ती "हॅलो, हॅलो" करत राहिली. फोन तुटला. त्यानंतर मी चार वेळा लावला. तोवर घाट सुरू झाला होता. टेम्पोवाल्याला म्हणालो, कार गाठ, हॉर्न दे. त्याने विचारले, काय झाले. मी सांगितले नाही.

घाटातील दुसऱ्या वळणावर रस्त्यात टायरचा तुकडा पडलेला होता. कठडा तुटला होता. कार खाली ओढ्यात उलटी पडलेली होती. डावा दरवाजा मी पहारीने उघडला. बहिणीला आम्ही टेम्पोतून दवाखान्यात नेले. तिचे डोके माझ्या मांडीवर होते. १०.५० वा. डॉक्टरांनी ती मयत झाल्याचे सांगितले. सविता व रविराज जखमी आहेत. संस्कृतीचा उजवा पाय मोडला आहे. ती माझ्याशी बोललेली नाही.

फुटलेला टायर मी पाहिला. तो बाजूने एका रेषेत चिरलेला आहे.

रविराजवर भरधाव गाडी चालवल्याचा गुन्हा दाखल आहे. गाडी भरधाव नव्हती. मी मागेच होतो. काल दवाखान्यात तो मला म्हणाला, "मामा, मी तुमचं नाव घेतलं न्हाई. तुमी पन घेऊ नका." म्हणून मी आज आलो.

सदरचा जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'काठ नजरचुकीने तसाच राहिला' असे लिहिले होते. नजरचुकीने हा शब्द मी सांगितला नव्हता. साहेबांनी तो खोडला व खोडल्या जागी माझी सही घेतली. आता जे लिहिले आहे ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे व खरे आहे.