चांदीच्या बाटलीची दृष्ट

...न्हाई न्हाई, तुमीच सांगा राव, चांदी म्हणली की डोळ्याला दिसाय नको का? आमची श्रेया एमेस्सी करती केमिस्ट्रीत. शनिवारी कॉलेजातनं बाटली घिऊन आली, आत बगावं तर कोरा चहा! अन् मला सांगती, "पप्पा, यात चांदीचे कण आहेत. चांदीचं औषध पाण्यात विरघळवलं, घाटघरच्या हिरड्याचा काढा घातला, कण तयार! केसाच्या जाडीचे हजार भाग करा, त्यातला एक, तेवढा कण!" म्हणलं, दिसंना की! तर म्हणती, "दिसत नाही, पण आहे!"

बरं, सोमवारी ती सरांना दाखवायची, दोन महिन्यांचा प्रोजेक्ट त्याच्यावर. मग गप कपाटात ठिवावी का न्हाई? पण मला कुठं दम निघतोय! डेअरीवर दूध घालताना बोलून गेलो... घटकाभरात शेजारचा कुशाबा हजर. "हौशीराम, पोरीनं चांदी केली म्हणं! कुठाय?" झाकण काढलं, डोळा लावला, वास घेतला, "आरं, यात कायबी न्हाई!" म्हणलं, भाऊ, दिसत न्हाई, पण हाय! त्याच्यामागं निम्मी आळी येऊन बघून गेली.

आळी पांगली अन् आमची मंडळी, श्रेयाची आई, उठली. "एवढ्यांची नजर पडली, पोरीच्या कामाला दृष्ट लागंल!" मुठीत मीठ-मोहरी, उघड्या बाटलीवरनं सात येळा, "आल्यागेल्याची, शेजारच्यापाजारच्याची..." अन् सातव्या फेऱ्याला मूठ सुटली की वो! मोहरी वर तरंगली, मीठ आत! बघता बघता चहाचा रंग राखाडी, खाली गाळ! श्रेया आतनं धावत आली. "आई! मिठानं कण एकमेकांना चिकटतात गं! गेलं सगळं!" पोरगी रडाय लागली... अन् ही म्हणती कशी, "बघा, किती कडक नजर व्हती! दिसत न्हाई, पण हाय!"

सोमवारी पोरगी तोच गाळ घिऊन गेली, मान खाली घालून. आली ती हसत! सर म्हणले, "किती मिठाला कण खाली बसतात, हेच तपासा. नव्या पाच बाटल्या करा, मीठ मात्र मोजून!"

झालं! पाच बाटल्या घरी आल्या, अन् ही मूठ भरून तयार! श्रेया म्हणली, "काढ बाई दृष्ट, पण हे पुडीतलं मोजलेलं मीठ घे." त्यावर ही कडाडली, "मोजून मापून उतरती व्हय दृष्ट?"

पुडी माझ्या हातात दिऊन दोघी म्हणल्या, तुमीच ठरवा, अन् म्या म्हणलं, दोघींचंबी बरोबर हाय! आता काय सांगू... तीन दिस झालं, प्रोजेक्ट तिथंच हाय, पुडीतलं मीठ माझ्या हातात हाय, अन् दोघीबी माझ्याशी बोलत न्हाईत!