शुक्रवारची लक्ष्मी आणि माझी एक्सेल शीट

...आणि वर सगळे मलाच म्हणतात, संचिता, तू घाबरट आहेस! अहो, घाबरू नको तर काय करू? शीटमधला आकडा लाल झाला तरी मी दचकते, मिक्सर लागला तरी दचकते, आणि आमच्या घरात नुसता मिक्सर नाही, भाजणी दळायची अख्खी चक्की आहे, जी आता सोसायटीला नकोय! म्हणून ठाण्यातच, खोपटला एसटी डेपोच्या मागे गाळा बघितला. गाळ्याचे मालक अण्णा म्हणाले, "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत चाळीस हजार डिपॉझिट, नाहीतर गाळा घ्यायला मोबाइलवाला उभाच आहे." म्हणजे गाळा गेला की चक्की बंद, चक्की बंद की आईच्या उपवासाच्या भाजणीचा श्रावणातला धंदा बंद! तुम्हाला सांगते, त्याच दिवशी ठरवलं, रडायचं नाही, शीट करायची. बीकॉम काय उगाच केलं? कोणाकडून किती उधारी यायची, कधी, सगळं फॉर्म्युल्यात बसवलं. शुक्रवारची शिल्लक, चाळीस हजार सहाशे. हिरवीगार! शीट खोटं बोलत नाही.

माणसं बोलतात ना पण!

टेंभी नाक्यावरच्या पोळीभाजी केंद्राच्या रखमाबाई, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मागच्या शुक्रवारी गेले तर, "अगं बाय माझे, शुक्रवारची लक्ष्मी बाहेर काढतं का कुणी?" बरं, सोमवारी संध्याकाळी गेले. "आत्ताच दिवा लावला गं..." डोंबिवलीचे दौलतशेठ किराणावाले, त्यांच्याकडे सकाळी साडेनवाला हजर! "ताई, अजून भवानी नाही झाली, आधीच पैसे देऊ? दिवस फुकट जाईल ना माझा!" आणि भाजणी घेताना? घेताना कुणाला शुक्रवार आठवतो का हो? परत शीट उघडली. चाळीसला नऊ हजार कमी! लाल! मी खुर्चीवरून उडालेच.

पण सोडलं नाही हं. नवा कॉलम घातला, 'लक्ष्मी बाहेर पडायची वेळ'. भवानीनंतर, दिवेलागणीच्या आत, शुक्रवार वगळून. गुरुवारी त्याच हिशोबाने फिरले, ठाणे-डोंबिवली-ठाणे, पायांचे तुकडे! सातला दोन मिनिटं असताना रखमाबाईंनी एकदाचे फोनवरून पैसे टाकले, "मिळाले ना? पळ आता, दिवा लावायचाय." चाळीस हजार सहाशे! शीट खोटं बोलत नाही!

शुक्रवार, साडेअकरा. खातं आईचं, ओटीपी आईच्या फोनवर.

"आई, फोन दे. अण्णांना पैसे पाठवते."

"आज? शुक्रवारी?"

आणि आईने फोन उचलून देव्हाऱ्यात ठेवला, कुंकवाच्या करंड्यामागे!

"आई, तो मोबाइलवाला उभा आहे गं!"

"उभा राहू दे. पाय दुखले की बसेल."

बाराला दहा कमी. देव्हारा वाजला! मी एवढी दचकले की समई आडवी होता होता राहिली. अण्णाच! आईने फोन स्पीकरवर घेतला, "अण्णा, आज शुक्रवार, उद्या देते." संपलं म्हटलं, गेला गाळा...

"उद्या? वहिनी, उद्या अवस! अवसेला डिपॉझिट घेतात का? रविवारी श्रावण लागतोय, रविवारी द्या."

"आणि तो मोबाइलवाला?" मी मागून ओरडले.

"तो आजच देतो म्हणत होता, पण म्हणे किल्ली उद्या अवसेलाच हवी. म्हटलं, बाबा, तू दुसरा गाळा बघ."

ऐका! म्हणजे गाळा मिळाला तो माझ्या फॉर्म्युल्याने नाही, पंचांगाने! रविवारी पैसे गेले, चक्की हलली. मी लगेच पुढच्या महिन्यांची शीट मांडायला बसले, भाडं दर पाच तारखेला, सगळं हिरवं. आई मागून डोकावली, "पुढच्या पाचला वार कोणता येतो गं?"

कॅलेंडर बघितलं... आणि गपचूप शीट बंद केली.

शुक्रवार.