रेघ मारलेले आकडे

आदरणीय अध्यक्षा सुमनताई, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे डॉक्टर जयंत, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते श्यामसुंदरकाका, रत्नप्रभाकाकू, आणि चंदीगडच्या आपल्या मंडळातील बंधुभगिनींनो,

मी इंद्रायणी. मोहालीत नोकरी करते, सेक्टर ३४ला पीजीत राहते. भाषणाची सवय नाही, म्हणून लिहून आणलंय. वाचलं तर चालेल ना?

तीन वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा आठवडा आठवडा मराठी शब्द कानावर पडत नसे. मंडळात ओळख झाल्यापासून काका दर रविवारी फोन करू लागले. "काय बाईसाहेब, जेवलात की नुसती मॅगी?" बस, एवढंच. त्यावर माझा पुढचा आठवडा निघायचा.

दर महिन्याच्या बैठकीत सगळ्यांचं बीपी मोजून वहीत लिहायचं काम माझं. काका पिंजौरहून बसने येत, दोन जिने चढत आणि आकडा पाहून हसत. "अगं, हा बसचा आकडा. आता माझा घे!" मी त्यांना बसवून पुन्हा मोजायची. मग पुन्हा. चौथ्यांदा जरा कमी आला की म्हणत, "हा पक्का. लिही." मी आधीचे खोडून तोच लिहायची. डॉक्टरांकडे चला, असं कितीदा ओठांवर आलं. पण काका रागावले, तर रविवारचा फोन?

हे मी आज पहिल्यांदाच बोलतेय.

चौथीपर्यंत मला वडिलांनी घरीच शिकवलं. त्यांचा नियम होता, चुकलेलं पुसायचं नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. म्हणून वहीत ते सगळे आकडे आहेत. एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे शहाऐंशी. फेब्रुवारीत काकांचे पाय सुजले तेव्हा ती वही मी डॉक्टर जयंत यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली. म्हणाले, "यातला सगळ्यांत कमी आकडाही जास्तच आहे."

मग त्यांनी समजावलं. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. पण वाढलेल्या दाबाने मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. बिघडलेली मूत्रपिंडं दाब आणखी वाढवतात. आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाची भिंत जाड, ताठर होते. काकांचं दोन्ही झालंय. आता सांगलीला लेकीकडे, आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

काका, परवा तुम्ही म्हणालात, "रडतेस काय? लिही म्हणणारा मीच होतो." खरंय. पण पेन माझ्या हातात होतं.

सुमनताईंच्या परवानगीने एक विनंती. चहाआधी कोपऱ्यातल्या टेबलाशी या. आज येईल तो प्रत्येक आकडा लिहिला जाईल. जास्त असेल त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे मी येईन. कामाचे दिवस सोडून सांगा. रविवारी मी आता मोकळीच असते.

शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेने पदरात घ्यावं. वहीतल्या चुकीची माफी मात्र, काका, तुमच्याकडेच.