पोरीले काही येत नाई

नाई रामाजी भाऊ, पोरीची नोकरी सरकारी नाई — मघाच सांगतलं ना तुमाले, सरकारी नाई अन् दुकानातलीही नाई — घरी बसूनच काम करते नूतन, त्या तिथी, खिडकीपाशी टेबल दिसून राह्यला ना, तिथी. इंग्रजीचं स्पॅनिश करते. स्पॅनिश. स्पेन देशाची भाषा, अन् मेक्सिकोच्या बाजूलेही तेच बोलतात म्हने. आता तुमी कुरखेड्यावरून येवढ्या उन्हात स्थळ घेऊन आले, पोराच्या मायबापानं पुसलं तं काय सांगू म्हनून इचारून राह्यले, ते समजते मले. पन 'कम्प्युटरवर काहीतरी करते' असं नोका सांगू बाप्पा. मांगं एका सोयऱ्यानं तसंच सांगतलं तं ते लोक समजले का पोरगी झेरॉक्सच्या दुकानात बसते. घ्या, पानी घ्या, गूळ आहे वाटीत. — आवाज ना? काही नाई, नूतनची माय आहे आतमधी, मनकर्णा. पडली आहे जराशी. ऊन लागलं असन. सायकल म्हने? असंच बडबडते झोपेत, तुमी बसा.

तं मी काय सांगत होतो — काम. तुमाले वाटत असन का त्यात काय कठीन आहे, पुस्तक उघडाचं अन् इंग्रजी शब्दापुढं स्पॅनिश शब्द लिहाचा. मलेही तसंच वाटे. सारी जिंदगी मी एसटीत कंडक्टर, ब्रह्मपुरी-आरमोरी-कुरखेडा, मी म्हनलं बाई, टिकिट तं कुठीही टिकिटच राहते का नाई? तं म्हने नाई बाबा. इंग्रजीत टिकिट एक, पन स्पॅनिशमधी बसचं टिकिट 'बियेते', मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचं टिकिट 'एन्त्रादा', अन् पोलिसानं गाडी अडवून दंडाचा कागद हातात देल्ला तं इंग्रजीत तेही टिकिट, स्पॅनिशमधी 'मुल्ता'. अन् काम देनारे कंपनीवाले काय करतात, तं नुसता एक शब्द धाडतात. टिकिट. झालं. कोन देऊन राह्यलं, कोनाले देऊन राह्यलं, बसस्टँडवर का तंबूत, काहीच नाई. मंग ही बसते डोस्कं धरून, तिकडे चिठ्ठ्या धाडते, तिकडून जबाब येत नाई, अन् चुकलं तं बोल हिलेच. असं काम आहे ते. हे सांगा पोराकडे. झेरॉक्स म्हनते.

अन् त्या कामानं तिले खोड लागली भाऊ, घरातही तेच. मी म्हनलं तो मानूस चांगला आहे, तं म्हनते 'कोनतं चांगला, बाबा? कामानं चांगला, का मनानं, का बिमार होता तो बरा झाला?' आता बाप बोलून राह्यला तं समजून घ्याचं का नाई? नाई. 'कोनतं, बाबा?' काहीही म्हना, 'कोनतं, बाबा?' वैताग आनते. मलेही शिकवते मंग. त्यायच्यात माहीत असनंही दोन परकारचं. गोठ माहीत असन तं 'साबेर', मानूस वळखीचा असन तं 'कोनोसेर'. कुरखेड्याची बस कवा सुटते हे साबेर, अन् तुमी रामाजी भाऊ, कोनोसेर. हसू नोका. इथी बसून बसून, तिचं आइकून आइकून लय शब्द समजतात आता मले, बोलता येत नाई येवढंच.

थांबा हं जरा. — आलो वो, आलो — बसा तुमी, चिवडा घ्या.

— पानी नोको म्हने. तोंड फिरवलं. पंखा वाढवला, तं तेही नोको. उशी सरकवली, तं अजून जोरानं सायकल, सायकल. काय कराचं मानसानं? आता तुमी आइकलंच आहे तं लपवून काय फायदा. लकवा मारला तिले. दिवाळीनंतर, मंडई भरली होती, पाहुने होते घरात, चहा गाळता गाळता पडली. एक बाजू गेली, अन् वाचा गेली. गेली म्हनजे एक शब्द राह्यला. सायकल. आयुष्यात कवा सायकलवर बसली नाई मनकर्णा, पन तोच राह्यला. तहान लागली तं सायकल, अंग खाजवाचं तं सायकल, टीव्ही बंद करा तं सायकल, पाहुन्याले जेवून जा म्हनाचं तरी सायकलच. नागपूरचे डॉक्टर म्हने डोक्यात सारं साजरं आहे, तोंडातून तेवढंच निंगते. अन् मले समजत नाई भाऊ. येवढी वर्सं संसार केला, भरल्या गाडीत मांगच्या सिटवरून कोन काय बोलला ते समजे मले, अन् बायको पुढ्यात बोलून राह्यली ते समजत नाई. तिले राग येते. मलेही येते. दोघंही मंग भिंतीकडे तोंड करून. पन नूतनले समजते. स्वयंपाकघरातून आइकते अन् तिथूनच सांगते, 'बाबा, ते उन्ह येऊन राह्यलं तिच्या डोळ्यावर, पडदा ओढा.' पडदा ओढला का ही चूप. कुठून समजते? म्हने एकच शब्द आहे बाबा, पन दर येळेस येगळा म्हनते आई, आइका तुमी. मी आइकतो. मले सायकलच आइकू येते.

हे पोराच्या घरी सांगू नोका. नाई — सांगा. काऊन नाई सांगाचं? लकवा काही लागत नाई कोनाले.

आज नूतन नागपूरले गेली, मायच्याच गोळ्या आनाले. संध्याकाळच्या गाडीनं येईन. तुमाले म्हनूनच आज बलावलं मी, ती राह्यली असती तं बसूच देल्लं नसतं तुमाले. काय? हो, तिले नाई सांगतलं अजून. सांगन ना. स्थळ पाहाले काय परवानगी लागते का बापाले?

परवानगीवरून आठवलं, तीच गोठ माझ्या छातीवर बसली आहे. तिच्या कंपनीची बाई आली होती इथी, ब्रह्मपुरीले, ह्या घरात. पिलारबाई नाव तिचं. ताडोब्याले वाघ पाहाले आली, तिथून गाडी करून नूतनले भेटाले आली. आम्ही पाय धुवाले पानी देल्लं, भात, लाखोरीची डाळ, वडे केले, हातानं जेवली बिचारी, नीट जेवली. मनकर्णापाशी बसली. मनकर्णा सायकल म्हने, तं बाई तिचा हात धरून आपल्या भाषेत काहीतरी बोले, दोघीचं मजेत चाललं होतं. मंग बाईनं माझ्याकडे खुर्ची फिरवली अन् बोलाले लागली, अन् नूतन मधात बसून मले मराठीत सांगे. म्हने, बाबा, बाई म्हनून राह्यली का हे एक-एक शब्दाचं काम आता मशीन करन, ते काही टिकनार नाई. पन मोठ्या दवाखान्यात बसून बाहेरदेशच्या बिमार मानसायचं बोलनं डॉक्टरले समजवाचं काम आहे, तिकडे व्हॅलेन्सियाले, तिथी मले घेतो म्हनते. माझ्यासारखं खोदून खोदून इचारनारं कोनी भेटत नाई म्हनते. तुमची परवानगी पाह्यजे म्हनते. — पोरीले नोकरी देतानी बापाले असं कोनी इचारते का भाऊ? आमच्या पिढीत कोनाले असं इचारलं? ऊर भरून आला माझा. मी उठून उभा झालो.

आता तुमी मले सांगा. तुमी इतके लग्नं जुळवले. पोरगी देतानी बाप काय म्हनते? वंदना झाली, जेवनं झाले, पोरगी गाडीत बसली, तं बाप पोराच्या मायबापापुढं हात जोडून काय म्हनते? तेच ना. 'पोरीले काही येत नाई, सांभाळून घेजा.' माझ्या बहिनीच्या येळेस माझ्या बापानं म्हनलं, अन् ती तं पाटीभर भात रांधे एकटी. तुमीही म्हनलं असन आपल्या पोरीच्या येळेस, अन् ती मास्तरीन आहे. कोनी धरते का ते खरं? त्याचा अर्थ येवढाच का देल्ली. खुशीनं देल्ली, आता तुमची. मीही तेच म्हनलं. हात जोडले पिलारबाईले अन् म्हनलं, पोरीले काही येत नाई बाई, सांभाळून घेजा.

अन् नूतननं इचारलं नाई. तेच सांगून राह्यलो तुमाले. चांगला म्हनलं तं कोनतं चांगला इचारनारी पोट्टी, तिनं त्या दिवशी 'कोनतं, बाबा?' म्हनलं नाई. माझ्याकडे पायलं, येवढं साजरं पायलं, अन् बाईकडे फिरून म्हने, 'नो साबे नादा.' साबेर, भाऊ. शिकवलं होतं ना तिनंच मले. हिले काही माहीत नाई, काही येत नाई, बाप म्हनते. बाई पहिले हसली, मस्करी समजली. मंग नूतन अजून काही बोलली हळूच, ते माझ्या डोक्यावरून गेलं, पन बाई हसाची थांबली. माझे हात जोडलेलेच. तिनं ते आपल्या हातात घेतले अन् म्हने 'कोम्प्रेन्दो'. तेही येते मले. समजलं, म्हने. काय समजलं वो बाई तुले? देऊन राह्यलो होतो मी.

ते काम दुसऱ्या पोरीले देल्लं आता. मी भांडलो नूतनशी. काऊन असं सांगतलं? तुले माहीत नाई का बाप असं कवा म्हनते? भल्याभल्या शब्दायचे चार-चार अर्थ काढते अन् बापाच्या बोलन्याचा एक नाई काढता आला? तं काय म्हने — भांडे घासत होती, मान वर केली नाई — 'तुमी म्हनलं तेच सांगतलं, बाबा.' बस. तवापासून घरात कामापुरतं बोलनं. मी म्हनलं ठीक आहे, स्पेन नाई तं नाई, लग्न तं करन, म्हनून तुमाले फोन लावला, म्हनलं भाऊ, स्थळ पाहा, पन जवळचं पाहा. कुरखेडा चांगलं, आरमोरी अजून चांगलं. जीपमधी बसली का तासाभरात घरी. मायनं हाक मारली अन्...

काय म्हनता? काम सोडा लागन? पोराची माय म्हनते घरात दिवसभर टेबलावर बसलेली सून नाई चालनार? तं मंग काय चालनार? नाई, राहू द्या. राहू द्या भाऊ, तुमचा काय दोष. अट माझीच खराब. आता माझ्याच तोंडून निंगलं तं आइकलं मी. पोरगं कसं आहे, काय शिकलं, मी तुमाले पुसलंच नाई. जवळ आहे का, येवढंच पुसलं. मायची हाक कोन समजन, येवढाच हिशेब.

तिनं तेच आइकलं असन, नाई? त्या दिवशी. मी उभा राह्यलो, हात जोडले, मले वाटलं मी देऊन राह्यलो. आवाज कसा होता माझा? मनकर्णा आत होती, सायकल म्हनून राह्यली होती त्याच येळेस, मले आठवते, अन् मी दाराकडे पाहून राह्यलो होतो, बाईकडे नाई. जी पोरगी एका शब्दातून मायची तहान अन् मायचं उन्ह येगळं काढते, तिले बाप काय म्हनून राह्यला हे इचाराची काय गरज होती? जाऊ नोको म्हनलं मी. तोंडानं जा म्हनलं अन् जाऊ नोको म्हनलं. अन् तिनं तेच सांगतलं बाईले. एक अक्षर चुकली नाई अन् मी तिलेच शिव्या देत बसलो, इतके दिवस.

बोलून राह्यली पाहा अजून. नाई, तुमी बसू नोका आता. चहा राहू द्या, येजा मंग कवाही, जेवाले येजा, पन स्थळ घेऊन नोका येऊ. पोराकडे सांगा देवाजी कंडक्टरच्या पोरीचं लग्न नाई कराचं सध्या. काऊन म्हनून पुसलं तं सांगा बाप शिकून राह्यला, त्याचं झालं का पाहू. दुसरं काम निंगलं तं पोरीले न्या, अशी पिलारबाईले चिठ्ठी लिहाची आहे मले, अन् लिहून देनारी एकच आहे घरात, तिच्यापुढं उभं राहून सांगा लागन, अन् ह्या येळेस आवाज हलला तं ती लिहनार नाई. तं पहिले हे आतलं जमलं पाह्यजे. एकट्यानं. ती यायच्या आधी.

— आलो मनकर्णा. नाई, पानी नाई आनत. बोल तू. अजून एकदा म्हन.

दार लोटून घेजा भाऊ, मले आइकू द्या.