चौथ्या बायकोचा चहा

त्या ब्रिटिश नटाचं कौतुक मला नका सांगू यार, त्याच्यापायी माझ्या घरात काय झालं ते ऐका. २००५ साली आम्ही अमेरिकेत अर्विंगला होतो आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. मी लायब्ररीतून त्याच्या मालिकेच्या डीव्हीडी आणायचो. त्यात तो एक सभ्य विधुर असतो. लग्न करतो, बायकोला चहातून विष देतो, दफनाला आलेल्यांना सँडविच वाटतो आणि पुढची शोधतो. चेहऱ्यावरची रेष हलत नाही पठ्ठ्याच्या! मी हसून हसून सोफ्यावरून खाली यायचो.

आईला ते इंग्रजी कळत नसे, पण ती शेजारी बसून डोळे पुसायची. चौथी बायको गेल्यावर म्हणाली, "बिचाऱ्याला कडक मंगळ आहे रे. कुणी पत्रिका बघितली नाही का?"

शेवटी मी डीव्हीडी पॉज केली. "अगं, मंगळ कसला! तोच मारतो त्यांना. त्या चहात विष असतं."

आई विचारात पडली. "पण चहा स्वतः करतो ना? हातात आणून देतो ना? ह्यांनी चाळीस वर्षांत घोटभर पाणी नाही दिलं मला."

पलीकडे सुडोकू सोडवत बसलेले बाबा ताडकन उठून किचनमध्ये गेले. दहा मिनिटं भांडी आपटली. मग आयुष्यातला पहिला चहा करून त्यांनी बशीसकट आईपुढे धरला.

आईने टीव्हीकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं.

"आधी तुम्ही घ्या."