मामाची गोळी कोणती, हे कोणालाच माहीत नाही

(दवाखान्यातली लहान खोली. टेबलावर कागदांचा गठ्ठा. पलीकडे सिस्टर, अलीकडे मामा आणि त्याची दहा वर्षांची भाची. तिला घरात सगळे मुंगी म्हणतात.)

मामा : हं, आता डोळे मीट आणि समज, तुझ्यासमोर दोन डब्या आहेत. दोन्हींत गोळ्या. दिसायला सारख्या, चवीला सारख्या.

मुंगी : चाटून कोणी बघितल्या?

मामा : मध्ये बोलू नकोस. एका डबीत नवी गोळी आहे, अजून दुकानात न आलेली. दुसरीत माझी नेहमीचीच. मला कुठली द्यायची ते एक संगणक ठरवणार.

मुंगी : मग सिस्टरना विचार ना, कुठली ठरली ते.

सिस्टर : मला माहीत नसतं, बाळ.

मुंगी : डॉक्टरांना?

सिस्टर : त्यांनाही नसतं.

मुंगी : मग असतं कोणाला?

मामा : एका बंद पाकिटाला.

सिस्टर : छान सांगितलंत. माहीत असलं की माणसाला उगाच बरं वाटायला लागतं, आणि डॉक्टरही उगाच खूश होतात. म्हणून कोणालाच सांगत नाहीत.

मामा : मोठ्या माणसांना मला नीट सांगता येत नाही. लहान मुलाला सांगितलं की माझं मलाही कळतं.

सिस्टर : आता हे प्रश्न. तुम्हाला समजलंय की नाही ते बघायला. बरोबर आले तरच प्रयोगाच्या संमतीवर सही. पहिला : तुमची गोळी कुठली, हे कोणाला ठाऊक असेल?

मामा : सिस्टर, याचं खरं उत्तर देऊ, की बऱ्या माणसाचं?

सिस्टर : म्हणजे?

मामा : मला स्किझोफ्रेनिया होऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं डॉक्टर शिकवतायत, ‘आपल्यापासून सगळे काहीतरी लपवतायत’ असं मनात आलं की लगेच फोन करायचा. आणि तुम्ही म्हणता, तेच उत्तर बरोबर.

सिस्टर : इथे... हो, बरोबर.

मामा : मग लिहा. सगळे लपवतायत.

सिस्टर : दुसरा. तुमच्या नावाच्या जागी काय लिहिणार?

मामा : आकडा. मुंगे, ऐकतेस ना? मला नंबर दिलाय.

मुंगी : ऐकतेय. खरं आहे.

सिस्टर : तिला कशाला विचारता?

मामा : आमच्या घरची पद्धत आहे. मला संशय आला की मी हिला सांगतो. ही जाऊन बघते आणि खरं का खोटं ते सांगते. पाच वर्षांची असल्यापासून. एकदा वाटलं, पाण्याच्या टाकीत माणूस बसलाय. एकदा वाटलं, शेजारीण माझ्यावर नजर ठेवून आहे.

मुंगी : टाकीत कोणी नव्हतं. शेजारीण खरंच नजर ठेवून होती. तिच्या नवऱ्याची पँट याच्याकडे शिवायला तीन महिने पडून होती.

सिस्टर : तिसरा. तुमची माहिती कोण बघणार?

मामा : एक समिती. ती मला ओळखत नाही, मी तिला ओळखत नाही. बंद खोलीत बसून ती माझ्याबद्दल बोलणार.

सिस्टर : सगळ्यांबद्दल.

मामा : बरं, सगळ्यांबद्दल. आणि भिंतीवरचा तो लाल दिवा आत्ता माझं बोलणं भरून घेतोय. मुंगे?

मुंगी : थांब, खुर्चीवर चढते. हो, कॅमेरा आहे. चालू आहे. खरं.

सिस्टर : अहो, तुमची संमती चित्रित करावी लागते. नियम आहे तसा.

मामा : एका सकाळी इतकं सगळं खरं! आजवर असं कधी झालं नव्हतं. घाम फुटलाय, पण जरा बरंही वाटतंय.

सिस्टर : उत्तरं सगळी बरोबर. आता दुसरा कागद, लक्षणांचा. तुमच्यावर कोणी पाळत ठेवतंय असं वाटतं का?

मामा : हेपण लिहून द्यायचं?

मुंगी : सांग ना, आत्ताच तर मी—

मामा : गप्प बस. सिस्टर, पहिल्या कागदावर ‘कोणी काही लपवत नाही’ म्हटलं असतं तर मी नापास. यावर ‘हो’ म्हटलं तर?

सिस्टर : गुण वाढतात. फार वाढले तर तुम्हाला घेता येत नाही.

मामा : म्हणजे जास्त गुण मिळाले की नापास.

सिस्टर : थांबा, असं विचारते. या खोलीच्या बाहेर कोणी पाळत ठेवतंय?

मामा : बाहेर नाही.

सिस्टर : तुमच्याविरुद्ध गुप्त बैठका? समिती सोडून.

मामा : समिती सोडून नाही.

सिस्टर : आवाज?

मामा : एकच उरलाय. माझ्या शिलाईला नावं ठेवतो. हल्ली त्याचं बरोबरही असतं.

मुंगी : मामा शिंपी आहे. जुन्या गोळीनं त्याचे हात थरथरतात. मी शाळेत जायच्या आधी वीस सुया ओवून ठेवते. त्या दुपारी संपतात. मग तो नुसता बसून राहतो.

मामा : नव्या गोळीनं हात थरथरत नाहीत म्हणे.

सिस्टर : बऱ्याच जणांचे नाही. पण तुम्हाला कदाचित जुनीच मिळेल.

मामा : अर्धी आशा तरी आहे. द्या, कुठे करू सही?

सिस्टर : एक कलम राहिलं. यातून केव्हाही, कारण न सांगता बाहेर पडता येईल. कोणी अडवणार नाही.

मामा : हे काही मला पटत नाही.

सिस्टर : संगणक पटला, पाकीट पटलं, समिती पटली, आणि हे नाही?

मामा : पहिल्यांदा दवाखान्यात ठेवलं तेव्हाही म्हणाले होते, वाटेल तेव्हा घरी जा. रोज विचारायचो. रोज म्हणायचे, उद्या. सत्तेचाळीस दिवस! डोक्यातल्या आवाजांनी मला बरंच खोटं सांगितलं, पण हे खोटं माणसांनी सांगितलेलं.

सिस्टर : तो दवाखाना वेगळा होता.

मामा : भिंती याच रंगाच्या होत्या. ठेवा तो कागद. खाली ताई, हिची आई, फोटोकॉपी काढतेय, तिला सांगतो, नको म्हणून.

सिस्टर : अहो, पण तुमचे हात... मुंगे, तू कुठे निघालीस?

मामा : तपासायला. खिडकीतून बघा जरा. मला बघवत नाही.

सिस्टर : जिना उतरली. आता फाटकाशी आहे. पहारेकऱ्याला काहीतरी सांगतेय.

मामा : अडवलं ना?

सिस्टर : नाही. त्यानं पेपरातून मान वर केली, पुन्हा खाली घातली. ती बाहेर गेली. रस्त्याच्या कडेला नुसती उभी आहे.

मामा : शंभर मोजत असेल. तपासणी कच्ची ठेवत नाही ती.

सिस्टर : हं, निघाली परत... आली बघा वर.

मुंगी : मामा, मी त्याला म्हटलं, मी औषधाच्या प्रयोगातली आहे, मी चालले, कारण सांगणार नाही. तो म्हणाला, जा की.

मामा : बस, एवढंच?

मुंगी : एवढंच. आत येताना मात्र वहीत सही करायला लावली.

मामा : मग तू केलीस?

मुंगी : मला आत यायचं होतं ना.